गुरुवारी रात्री कांदा विकताना

गुरुवारी रात्री साडेआठला मी ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून शिक्षकांसाठीच्या एका ऑनलाइन कोर्सला बसते. हॉलमध्ये टीव्ही चालू असतो आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून ओटा. पहिल्या गुरुवारी काय होणार मला काहीच माहीत नव्हतं, वही-पेन घेऊन तयार होते, वाटलं कुणीतरी पीपीटी लावेल आणि वाचून दाखवेल. तर झालं असं की प्रत्येकाला स्क्रीनवर एक कार्ड आलं. माझ्या कार्डावर लिहिलेलं, तुम्ही विक्रेत्या आहात, तुमच्याकडे एक नग आहे, तो तुम्हाला २२ रुपयाला पडलाय, त्याच्या खाली विकायचं नाही. बास, एवढंच. मग घंटा वाजली आणि चॅटमध्ये नुसता गलका सुरू, कोण २५ देतोय, कोण ४० मागतोय, आणि मी घाईघाईत पहिला जो भेटला त्याला २४ ला देऊन टाकलं, २ रुपये सुटले म्हणून बरं वाटलं, आणि दोन मिनिटांनी कळलं की माझ्यासारखाच नग कुणीतरी ३५ ला विकलाय.

खरं सांगते, त्या क्षणी पोटात जे कालवलं ना, ते चौदा वर्षं फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती काढताना कधीच कालवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला मी थांबले, २८ ला दिलं. तिसऱ्या फेरीला जवळजवळ सगळेच ३० च्या आसपास आले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कार्डं तर एकमेकांची दिसतच नव्हती. मग कोर्स घेणाऱ्या सरांनी सगळ्यांची कार्डं एकत्र लावून मागणीची आणि पुरवठ्याची अशा दोन रेषा काढल्या आणि त्या जिथे छेदतात तो आकडा दाखवला, ३०. मी कितीतरी बॅचना "इथे समतोल किंमत निश्चित होते" असं लिहून दिलंय, कोण निश्चित करतं असं एखाद्या पोरानं विचारलं की म्हणायचे बाजार. आणि बाजार म्हणजे काय ते त्या रात्री ओट्यापाशी उभं राहून मला पहिल्यांदा आतून कळलं.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, आर्ट्सलाही आणि कॉमर्सलाही, आणि यावर्षी वर्कलोड कमी पडला म्हणून कॉमर्सच्या बारावीला ओसीपण, म्हणजे वाणिज्य संघटन, दिलंय, त्यात उद्योजकता विकासाचं प्रकरण आहे. त्यामुळे अर्थशास्त्र आणि उद्योजकता शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आहे असं एका मैत्रिणीनं कळवलं तेव्हा लगेच नाव दिलं. पण मनात धाकधूक होती, कारण याआधीचे अनुभव चांगले नव्हते.

ते पण सांगते, कारण आपल्यापैकी खूप जणांचं तेच आहे. काही वर्षांपूर्वी एक सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं होतं, नाव घेत नाही. व्हिडिओ पुढे सरकवता यायचा नाही, तो संपला की पाच प्रश्न, ते बरोबर आले की पुढचा व्हिडिओ. सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकच कंटेंट, पीटीच्या सरांनाही तेच आणि मलाही तेच. दुसऱ्या दिवशी उत्तरांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. मी ते प्रामाणिकपणे बघितलं, रात्री जागून बघितलं, सर्टिफिकेट आलं, फाईलला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तेव्हा मी आदल्या दिवशीसारखीच होते. याचं मला आजही वाईट वाटतं. शिक्षक फसवतात असं लोक म्हणतात, पण ज्या प्रशिक्षणात शिक्षकाला विषय म्हणून काहीच मिळत नाही तिथे तो पीडीएफच शोधणार ना.

आता ऑनलाइन म्हणजे वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. उलट आपल्या इथून पुण्या-मुंबईला कार्यशाळेला जायचं म्हणजे एक दिवस जायचा, एक यायचा, घरी मुलांचं बघायचं, बायकांना तर ते जमतच नाही. शाळांसाठीचं दीक्षा हे सरकारी पोर्टल २०१७ ला आलं, मोफत ऑनलाइन कोर्सचं स्वयं पोर्टलपण त्याच वर्षी, २०२० मध्ये शिक्षकांचं निष्ठा प्रशिक्षण ऑनलाइन झालं, नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहिलंय. मी स्वयंवर सूक्ष्म अर्थशास्त्राची लेक्चर ऐकलीत, त्यातून माझे दोन-तीन जुने गोंधळ सुटले. साधनं आहेत. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ओळखले जातात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकाला टेक्नॉलॉजी जमत नाही असं तरी कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की ते ५० तास कशात जातात.

या कोर्सचं वेगळेपण काय तर एक नियम आहे. गुरुवारी जे शिकलात ते पुढच्या गुरुवारच्या आत तुमच्या वर्गात करायचं, काय झालं ते एका पानावर लिहायचं, आणि वर्गातलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग तुमच्या जोडीदार शिक्षकाला पाठवायचं. माझे जोडीदार बार्शीकडचे एक सर आहेत, प्रत्यक्ष अजून भेटलो नाही. ते माझं रेकॉर्डिंग ऐकतात, मी त्यांचं. पहिल्यांदा त्यांनी मला कळवलं, मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देता. मी परत ऐकलं, खरंच तसं होतं. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण दार लावून घेतलं की वर्गात आपण एकटेच. अमेरिकेत ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं होतं, की नुसतं ऐकून, किंवा प्रात्यक्षिक बघूनसुद्धा, नवीन पद्धत वर्गात उतरत नाही, करून बघताना सोबत एक सहकारी लागतो. ते वाचलं तेव्हा पटलं, आणि सरांच्या त्या एका मेसेजनं अनुभवलं.

तर पहिला होमवर्क होता तो बाजाराचा खेळ वर्गात करणं.

मी चिठ्ठ्या केल्या. वस्तू कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता, सोलापूरचं मार्केट यार्ड आणि कांदा. डिसेंबर-जानेवारीत यार्डात आवक वाढली की ट्रकची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते हे वर्गातल्या प्रत्येक पोरानं बघितलेलं असतं. दहा विक्रेते, दहा ग्राहक, प्रत्येकाकडे एक पोतं, भाव किलोचा. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर कमीत कमी भाव, १०, १४, १८ असं चारचारनं वाढत ४६ पर्यंत. ग्राहकाच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त, ५०, ४६, ४२ असं उतरत १४ पर्यंत. मांडून बघा, ३० ला छेद येतो. वर्गात हजर पोरं ७८, त्यामुळे वीस जण खेळणार, चार जण फळ्यावर सौदे लिहिणार, आणि बाकीच्यांनी प्रत्येक सौद्याआधी भाव काय होईल ते वहीत लिहायचं, म्हणजे कुणी रिकामं नको.

पहिली फेरी मी मोकळी सोडली, उठा, फिरा, ज्याच्याशी पटेल त्याच्याशी ठरवा. बाकं सरकली, आवाज इतका की शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. भाव आले १५, ४०, २२, ३८, कशाचा कशाला मेळ नाही. एका कोपऱ्यात एक पोरगा दुसऱ्याला म्हणत होता, "ए, पंचवीसच्या खाली देत नसतो बे, माझी चिठ्ठी बघायचं काम नाही." त्याच्या चिठ्ठीवर १४ होतं हे मला माहीत होतं.

दुसऱ्या फेरीला पद्धत बदलली. आता कुजबुज नाही, यार्डात लिलाव होतो तसं मोठ्यानं भाव बोलायचा, सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे, आणि सौदा झाला की फळ्यावर. झालं, भाव जवळ यायला लागले. तिसऱ्या फेरीला २८, ३१, ३०, ३०, २९. मी एक शब्द बोलले नव्हते. फळ्यावर लिहिणारी मुलगी खडू हातात धरून तशीच उभी, म्हणाली, "मॅडम, हे असं कसं काय झालं?" आणि मी, बार्शीच्या सरांच्या मेसेजची आठवण ठेवून, गप्प राहिले. पंधरा-वीस सेकंद वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ऐकू यायलंय ना आता सगळ्यांना, मग कोण कशाला जास्त देईल."

यामागची गोष्ट मला नंतरच्या गुरुवारी कळली आणि ती फार आवडली. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन हे प्राध्यापक वर्गात असाच बाजार भरवायचे, विद्यार्थी खोलीत फिरून दोघा-दोघांत सौदे करायचे, आणि भाव काही पुस्तकातल्या आकड्याला यायचे नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या वर्गात विद्यार्थी म्हणून व्हर्नन स्मिथ होते. पुढे ते स्वतः पर्ड्यू विद्यापीठात शिकवायला लागल्यावर त्यांनी दोन बदल केले, भाव सगळ्यांसमोर उघड बोलायचा आणि तोच बाजार परत परत भरवायचा, आणि भाव समतोलाला यायला लागले. १९६२ मध्ये ते छापून आलं, आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या वर्गात पहिल्या फेरीला चेंबरलिन होते आणि तिसऱ्या फेरीला स्मिथ! एका विद्यार्थ्याला वर्गातला खेळ पटला नाही, त्यानं तो डोक्यात ठेवला आणि शिक्षक झाल्यावर बदलून बघितला, हे शिक्षकांनी तरी नक्की माहीत करून घेतलं पाहिजे असं मला वाटतं.

पण खरी गोष्ट तास संपायच्या वेळी घडली. उत्तर सोलापूरकडच्या एका गावातून एसटीनं येणारा एक मुलगा आहे, घरी दीड एकर कांदा असतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, चिठ्ठीवर लिहिलंय १० च्या खाली विकायचं नाही. पण आमचे पप्पा विकतात की. खर्च निघत नसला तरी विकतात. मग ही चिठ्ठी चुकीची आहे ना?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे पुरवठ्याचा नियम सांगता आला असता, इतर परिस्थिती कायम असताना वगैरे, पण त्यानं जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं. मी म्हणाले, मला आठवडा दे.

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा तो चेक आठवतो का, ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला, किलोला १ रुपया भाव, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात २ रुपयांचा चेक. पेपरमध्ये फोटो आला होता, सगळ्या वर्गाला माहीत होता. आपण हळहळलो, सरकारला बोललो, पण वर्गात तो चेक अर्थशास्त्र म्हणून कधी उघडला नाही. मी तरी नव्हता उघडला.

गुरुवारी कोर्सचा तास संपला की आम्ही सहा मराठी बोलणारे शिक्षक मागे थांबतो, सोलापूर, बार्शी, सांगली, लातूर असे. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला. रात्री सव्वाअकरा वाजले. लातूरच्या मॅडम म्हणाल्या, कांदा काढून, गाडीत घालून यार्डात आणला की नांगरट, रोपं, खत, मजुरी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, तो विकला तरी गेला आणि नाही विकला तरी गेला. बुडीत खर्च. आता शेतकऱ्यापुढचा हिशोब वेगळाच असतो, विकून जे मिळेल ते घ्यायचं का परतीचं भाडं अंगावर घेऊन माल घरी न्यायचा, आणि लाल कांदा तर टिकतही नाही. म्हणजे लावणीच्या वेळची चिठ्ठी आणि यार्डातली चिठ्ठी या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत. किती सोपं आहे, आणि किती वर्षं आम्ही दोन्ही एकाच पुरवठा वक्रात घालून शिकवत होतो.

मग नवीन चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक विक्रेत्याला दोन पोती, चिठ्ठीवर लिहिलं, खर्च होऊन गेलाय, संध्याकाळी माल उरला तर फेकायचा. ग्राहक तेच दहा, प्रत्येकाला एकच पोतं पाहिजे. त्याच मुलाला मी विक्रेता केलं. पहिले सौदे १४-१२ ला झाले, मग ८, मग ५, आणि शेवटच्या मिनिटाला ग्राहक संपत आले तशी पोरं अक्षरशः ओरडायला लागली, शेवटचं पोतं २ रुपये किलोनं गेलं आणि दहा पोती उरली. वर्गात हसण्याचा आवाज नव्हता. त्या मुलानं स्वतःची उरलेली चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मागणी कमी लवचिक आहे, कांदा स्वस्त झाला म्हणून घरोघर दुप्पट खात नाहीत, हे वाक्य त्या दिवशी मी सांगितलं नाही, एका मुलीनं सांगितलं, आणि ते पुस्तकातल्यापेक्षा चांगल्या शब्दांत: "आमच्यात पिशवीभर लागतो, फुकट दिला तरी पिशवीभरच लागतो."

पुढचे दोन तास चर्चाच चालली, साठवणूक, कांदाचाळी, निर्यातबंदी आली की काय होतं, दहाव्या प्रकरणातला विदेशी व्यापार आपोआप पुढे आला. सिलॅबस मागे पडला का तर हो, चार दिवस पडला. बोर्डाची परीक्षा डोक्यावर असताना चार दिवस जड जातात हे मला मान्य आहे, पण चाचणीत लवचिकतेच्या प्रश्नाची उत्तरं वाचताना पहिल्यांदाच ७८ पेपरांत ७८ सारखी वाक्यं नव्हती.

उद्योजकतेचं मात्र मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. ते प्रकरण मी आत्तापर्यंत गुण पाठ करून घ्यावेत तसं घेतलं, उद्योजक धाडसी असतो, कल्पक असतो, जोखीम घेतो. पोरं लिहितात, मार्क मिळतात. दिल्ली सरकारच्या शाळांमध्ये २०१९ मध्ये नववी ते बारावीला यासाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला होता, नंतर तर मुलांना छोटं बीजभांडवलही दिलं, २,००० रुपयांपर्यंत, त्याचे व्हिडिओ बघितले की वाटायचं हे आपल्याकडे कधी होणार. पण कोर्समध्ये जो होमवर्क आला त्याला पैसे लागत नव्हते. तुमच्या गल्लीतल्या एका धंदा करणाऱ्या माणसाशी बोला, यशाचं रहस्य विचारू नका, तीन गोष्टी विचारा: सुरू केलं तेव्हा हातात काय होतं, कोण ओळखीचं होतं, आणि बुडालं तर किती बुडू शकत होतं.

हे तीन प्रश्न सरस सरस्वती यांच्या कामातून आलेत. मूळच्या भारतातल्या, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवतात. त्यांनी पीएचडीसाठी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा देऊन, विचार करताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं आणि रेकॉर्ड केलं. हर्बर्ट सायमन त्यांचे मार्गदर्शक, त्यांना १९७८ चं नोबेल. २००१ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी मांडलं की मुरलेला उद्योजक बाजाराचा मोठा अंदाज काढून मग भांडवल शोधत बसत नाही, हातात जे आहे त्यातून काय होईल ते बघतो, आणि नफा किती होईल यापेक्षा नुकसान किती झेपेल ते आधी ठरवतो. आपल्याकडे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात, त्याच्या अगदी जवळचं आहे हे.

मी गेले माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईकडे, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतात. शेंगा चटणी करतात. आठ वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर ज्या पॉवरलूम कारखान्यात टॉवेलवर होते तो बंद पडला, तेव्हा सुरू केलं. हातात काय होतं? सासूबाईंचं दगडी उखळ. ओळखीचं कोण? भिशीतल्या अकरा बायका. बुडालं तर किती? ताई म्हणाल्या, "दोन किलो शेंगदाणे, आणि विकले नसते तर घरात खाल्ले असते, बुडतंय काय त्यात." सरस्वतींचा लेख त्यांनी वाचलेला नाही हे सांगायला नको, पण तिन्ही उत्तरं तशीच्या तशी.

मग आम्ही जमिनीवर बसून हिशोब मांडला, त्यांची मुलगी वहीत लिहित होती. एका खेपेला चार किलो. शेंगदाणे १४० नी ५६०. लसूण, तिखट, जिरं, मीठ १२०. भाजायला गॅस ४०. पाव किलोच्या सोळा पिशव्या, पिशवी आणि लेबल मिळून ३ रुपये, ४८. एकूण ७६८. विक्री ७५ ची पिशवी, सोळाचे १,२००. उरले ४३२. ताई खूश, म्हणाल्या, बघा, चारशे-सव्वाचारशे सुटतात, माझा अंदाज बरोबर होता.

मी विचारलं, वेळ किती जातो? भाजणं, सालं पाखडणं, कुटणं, पिशव्या भरणं, पोच करणं. त्यांनी कधी मोजलं नव्हतं. मुलीनं मोजलं, नऊ तास. म्हणजे तासाला ४८ रुपये. कुणीच काही बोललं नाही. शेजारच्या घरात विड्या वळायचं काम चालू होतं, तिथल्या बायकांना हजार विड्यांना किती मजुरी मिळते ते तोंडपाठ असतं, आणि इथे स्वतःचा धंदा असलेल्या बाईला स्वतःची मजुरी माहीत नव्हती. हिशोबात न धरलेल्या या मजुरीला पुस्तकात अव्यक्त खर्च म्हणतात. मी म्हटलं, मिक्सरवर केली तर? ताईंनी उठून उखळातली चटणी चिमूटभर माझ्या हातावर ठेवली, बोटानं दाबायला लावली, बोटाला तेल लागलं. म्हणाल्या, "मिक्सरमध्ये भुगा होतो मॅडम, कुटल्याशिवाय तेल सुटत नाही. गिऱ्हाईक त्या तेलासाठी येतंय." एवढ्या एका वाक्यात उत्पादनाचं तंत्र, गुणवत्ता आणि भाव सगळं होतं.

त्यानंतर वर्गात मी प्रकरण उघडलंच नाही आधी. प्रत्येकानं घरातल्या किंवा गल्लीतल्या एकाचा असा हिशोब आणायचा सांगितलं. कडक भाकरी, इस्त्री, पाणीपुरीची गाडी, शिलाई, नॅपकिनला काठ शिवून देणं, एकीच्या मामाचं सांगोल्याचं डाळिंब. बहुतेकांच्या वहीत "स्वतःची मजुरी" हा रकाना आधी रिकामाच होता, तो आम्ही वर्गात बसून भरला. दोन हिशोब तोट्यात निघाले. त्यातला एक मुलगा गप्प गप्प होता, त्याच्याशी नंतर स्टाफरूमबाहेर बोलले. हे करताना काळजी घ्यावी लागते, घरातलं माणूस दिवसभर राबतंय आणि हिशोबात तोटा दिसतोय हे सतराव्या वर्षी कळणं सोपं नसतं. कोर्समध्ये याबद्दल कुणी बोललं नव्हतं, मी तो मुद्दा पुढच्या गुरुवारी मांडला आणि आता सगळ्यांनी ठरवलंय, हिशोबावर नाव लिहायचं नाही, नुसता धंदा लिहायचा.

कोर्सबद्दल दोन तक्रारी आहेतच. एक, सगळं इंग्रजीत. माझं निभावतं, पण माझ्याच कॉलेजमधले एक सर, अतिशय हुशार, इंग्रजीच्या भीतीनं दुसऱ्याच आठवड्यात सोडून गेले, आणि नुकसान त्यांच्या पोरांचं झालं. म्हणून आम्ही सहा जण आता सगळ्या वर्कशीट मराठीत करतोय, आणि भाषांतर करताना कळतं की कुठली संकल्पना आपल्यालाच नीट समजली नव्हती. दुसरी, वेळ. साडेआठ म्हणजे बायकांची स्वयंपाकाची वेळ, कोर्सच्या ५२ जणांत आम्ही बायका सोळाच, आणि त्यातल्या कॅमेरा बंद ठेवणाऱ्या बहुतेक पोळ्या करत ऐकतात. मी बोलले त्यावर, आता रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. तेवढं पुरेसं नाही, कारण खेळ रेकॉर्डिंगवर खेळता येत नाही.

आणि ज्यांच्या हातात प्रशिक्षणाचं ठरवणं आहे त्यांना एक कळकळीची विनंती. तास मोजा, पण त्यातले निम्मे तास शिक्षकानं वर्गात काय करून बघितलं त्याचे मोजा. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अर्थशास्त्र द्या. आणि जोडीला एक शिक्षक द्या, शक्यतो दुसऱ्या गावचा, ज्याला आपल्या स्टाफरूममधलं काही माहीत नाही.

पुढच्या गुरुवारी निर्देशांक आहेत, म्हणजे भाव काळाप्रमाणे किती बदलले ते मोजणारे आकडे. मी घरची २०१९ पासूनची किराण्याची यादी शोधून ठेवलीये, सासूबाईंनी दुकानदाराच्या चिठ्ठ्या एका दाभणात ओवून ठेवल्या होत्या त्या आत्ता कामाला आल्या. बार्शीच्या सरांनी कांद्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो मागितलेत, ते पाठवले, पण त्यांच्या वर्गात ३२ जणच असतात आणि त्यांना सगळ्यांना खेळवायचंय, तर सोळा-सोळाचा तक्ता नव्यानं मांडावा लागेल. छेद परत ३० लाच आला पाहिजे. तो आज रात्री करून देते म्हणाले आहे.